‘उरते’ आणि ‘धरते’: चौदा महिने न टाकलेल्या गझलेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, शेर मात्र त्यांचेच ठेवले आहेत. गटात सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच.

ताई अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवतात. वय 52, नोकरीला 27 वर्षं झालेली. कविता पूर्वीपासून लिहायच्या, गझलेकडे वळल्या पन्नाशीच्या जरा आधी. सुरेश भट 1932 साली अमरावतीत जन्मले. त्यामुळे आमच्या भागात गझल लिहिणारे पुष्कळ, आणि गझलेतल्या चुका काढणारे त्याहून पुष्कळ. गझलेचे नियम सांगणारी भटांची ‘गझलेची बाराखडी’ अनेकांना तोंडपाठ असते. नवा माणूस पहिला शेर वाचतो तेव्हा समोरच्यांची बोटं मांडीवर मात्रा मोजत असतात.

आमचा गट व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, साधारण 180 जणांचा. तिघे मिळून तो चालवतो, त्यातला एक मी. दर शुक्रवारी रात्री एकच गझल, लिहिणाऱ्याच्या नावासकट. रविवारी रात्रीपर्यंत तिची चिरफाड. अंगठे, टाळ्या, गुलाबाची फुलं, ‘व्वा, क्या बात’ हे सगळं बंद. दोष दाखवला तर कारण द्यायचं, एवढीच अट. या कडकपणाचा आम्हाला अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

गझल न लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो, पुढे त्यांच्यावरच सगळं अडणार आहे. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, काफिया, म्हणजे यमक, ठरतो. समजा तिथे ‘करते’ आणि ‘सरते’ आले, तर पुढे ‘भरते’, ‘ठरते’, ‘धरते’ चालतात, कारण ‘रते’च्या आधीचा स्वर सगळीकडे ‘अ’ आहे. ह्या न बदलणाऱ्या स्वराला अलामत म्हणतात. ‘फिरते’ किंवा ‘उरते’ घेतलं की अलामत मोडली. दुसरी गोष्ट, वृत्त अक्षरांवर चालतं आणि अक्षर लघू की गुरू हे मोजता येतं. मुक्तछंदात कुणी नावं ठेवली तर ‘तुम्हाला कळली नाही’ असं म्हणता येतं. गझलेत ती पळवाट नाही. चूक असली तर ती बोट ठेवून दाखवता येते, आणि 180 जणांसमोर दाखवली जाते.

अडचण

ताई गटात आल्या आणि 14 महिने गप्प राहिल्या. या काळात त्यांच्या वहीत 23 गझला झाल्या होत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं. दर शुक्रवारी सकाळी त्या ठरवायच्या, आज टाकायची. मधल्या सुट्टीत एकदा मात्रा मोजायच्या. संध्याकाळी स्वयंपाक करता करता एखादा शेर खटकायचा. नऊ वाजता कुणा दुसऱ्याची गझल यायची आणि त्यांना हायसं वाटायचं. हे हायसं वाटणंच घातक होतं असं आज मला वाटतं. टाळल्याचं बक्षीस ताबडतोब मिळत होतं, आणि पुढच्या शुक्रवारी टाळणं आणखी सोपं होत होतं.

भीती नेमकी कशाची, हे विचारल्यावर त्यांनी आधी ‘लोक काय म्हणतील’ असं म्हटलं. ते काही खरं उत्तर नव्हतं. दोन-तीन बोलण्यांनंतर खरं बाहेर आलं. गटात त्यांचा एक माजी विद्यार्थी होता. आठवीत असताना त्यानं ‘आणी’ लिहिलं की त्या लाल रेघ मारायच्या. 1962 च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, पण ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद. हा नियम त्यांनी पिढ्यांना घोटून दिला होता. आता वृत्तासाठी गझलकार सर्रास ‘आणी’ची सूट घेतात. ती घ्यावी तर विद्यार्थी हसणार, न घ्यावी तर ओळ बसत नाही. “मराठीच्या बाईंचंच ऱ्हस्वदीर्घ चुकलं असं झालं तर मी फळ्यासमोर उभी कशी राहू?” हे त्यांचं वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवलं. गझल टाकताना पणाला लागणार होती ती त्यांची 27 वर्षांची लाल शाई.

दुसरं कारण मी स्वतः होतो.

ताई गटात आल्या त्याच महिन्यात मी एका तरुणाच्या शेराखाली लिहिलं होतं: “हा शेर नाही, वृत्तात बसवलेलं वाक्य आहे.” कारण द्यायचं हा आमचाच नियम, तो मी पाळला नव्हता. त्या तरुणानं ‘धन्यवाद सर’ म्हटलं आणि पुढच्या महिन्यात नवी गझल टाकली. मी तर विसरूनच गेलो. ताईंनी मात्र ते वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलं होतं. ज्याला बोललो त्याला ते लागलं नाही, आणि जिला बोललो नव्हतो ती वर्षभर गप्प बसली. टीका करणारा समोरच्या एका माणसाकडे बघून लिहितो. उरलेले 178 वाचत असतात हे त्याच्या ध्यानात नसतं.

त्यांची झोप, जेवण, शाळा सगळं व्यवस्थित होतं. तसं नसतं तर हे प्रकरण आम्ही हाताळायचं नव्हतंच, समुपदेशकाकडे जायचं होतं.

समोर असलेले पर्याय

गोष्ट माझ्यापर्यंत आली ती एका लग्नात, पंगतीत शेजारी बसल्यामुळे. “राहू द्या ना भाऊ, माझं काही टाकण्यासारखं नाही,” असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा जिलेबी येईपर्यंत 23 चा आकडा सांगून मोकळ्या झाल्या. त्यानंतर फोनवर आम्ही पर्याय तपासले.

टोपणनाव हा पहिला. त्याला परंपरा भक्कम आहे. मराठीत गझल रुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला तो माधव ज्यूलियन यांनी, आणि ते माधव त्रिंबक पटवर्धन यांचं टोपणनावच. गटाचा नियम एका माणसासाठी वाकवायला मी तयार होतो. ताईंनीच नकार दिला. कारण मार्मिक होतं: दाद मिळाली तर ती दुसरीला मिळेल, आणि शिव्या पडल्या तर त्या मात्र मलाच कळतील.

शिक्षकांच्या गटात टाकणं हा दुसरा. तिथे त्यांनी पूर्वी एक कविता टाकली होती. पंधरा मिनिटांत साठेक अंगठे आणि ‘अप्रतिम मॅडम’. त्यातल्या किती जणांनी ती वाचली याची त्यांना शंका होती, कारण कवितेतलं एक कडवं चुकून दोनदा चिकटवलं गेलं होतं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मुळीच न टाकणं हाही पर्याय होता, आणि तो मी गांभीर्यानं मांडला. प्रत्येक लिहिणाऱ्यानं चव्हाट्यावर यावं असं काही नाही. वही ही वाईट जागा नव्हे. पण वहीत राहणं पसंत असणं वेगळं आणि दर शुक्रवारी हरून वहीत परत जाणं वेगळं. ताईंचं दुसरं होतं.

गटातल्या एका सदस्याचा मानसशास्त्राशी संबंध आहे. कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचं त्यांनी प्रशिक्षण घेतलं आहे. त्यांनी ताईंना या पद्धतीचा जनक अल्बर्ट एलिस याचा किस्सा सांगितला. एलिस 19 वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा, म्हणून न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी तो मुद्दाम बोलला. भेट ठरली ती एकीचीच, आणि तीही आली नाही. पण शंभर नकारांनंतरही आपण जिवंत आहोत हे त्याला कळलं. ताई म्हणाल्या, “शंभर गझला होईपर्यंत मी निवृत्त होईन. तीन-चारमध्ये काही होतं का बघा.”

मग ठरलं असं: आधी दुसऱ्याच्या गझलेवर लिहायचं, मग एक शेर फक्त मला दाखवायचा, मग तारीख ठरवून पूर्ण गझल गटात.

प्रत्यक्ष काय केलं

पहिली पायरी वाटली होती त्यापेक्षा अवघड गेली. तीन ओळींचा अभिप्राय लिहायला ताईंना 40 मिनिटं लागली, आणि सुरुवात ‘मी काही जाणकार नाही, पण’ अशी. तो अभिप्राय चांगला होता. एका शेराच्या दोन मिसऱ्यांत, म्हणजे ओळींत, राबताच नाही, एकमेकींशी संबंधच नाही, हे त्यांनी उदाहरण देऊन दाखवलं होतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ‘जाणकार नाही’ गळून पडलं.

दुसऱ्या पायरीवर चूक झाली, आणि ती माझी. त्यांनी एकाऐवजी अख्खी गझल पाठवली. मी बसमध्ये होतो. वृत्त तपासलं: भुजंगप्रयात, लगागा (लघू-गुरू-गुरू) चार वेळा, कुठेही ठेच नाही. काफिये करते, सरते, भरते, ठरते वगैरे, अलामत शाबूत. चौथ्या शेरापाशी मी अडखळलो होतो, हे मला नक्की आठवतं. पण मनात आलं, बिचारीनं एवढं धाडस केलं आहे. लिहिलं, “छान आहे. टाका.”

ठरलेल्या शुक्रवारी रात्री 9 वाजून 10 मिनिटांनी गझल आली. चार मिनिटांत ती गायब झाली. तिच्या जागी मेसेज हटवल्याची ती करडी ओळ तेवढी राहिली. कुणीतरी लिहिलं, “अरेरे, वाचायच्या आत गेली!” दुसऱ्यानं लिहिलं, “ताई, मीटर चुकलं का?” ताईंनी फोन बंद करून तांदळाच्या डब्यामागे ठेवला.

इथे निर्णय घ्यायचा होता. मी रात्रीच फोन करून पुन्हा टाकायला लावू शकलो असतो. उलट दोन महिने विषयच न काढणं हेही शक्य होतं. चालक म्हणून आम्ही तिघांनी एवढंच केलं की त्या शुक्रवारची जागा रिकामी ठेवली, दुसरी गझल लावली नाही. सकाळी मी ताईंना कळवलं: रविवारपर्यंत जागा तुमची आहे, टाकली नाहीत तरी कुणी काही विचारणार नाही. शनिवारी दुपारी चार वाजता, भर उन्हात सगळे झोपलेले असताना, गझल परत आली. या वेळी ती राहिली.

परीक्षणाची रात्र

पहिले अभिप्राय वृत्तावर आले. निर्दोष, असं बहुतेकांनी म्हटलं. एकानं विचारलं की एका गुरूऐवजी दोन लघू इतक्या वेळा का घ्यायचे. ह्या प्रश्नाची ताईंची तयारी होती, उत्तर आधीच टाइप करून ठेवलेलं होतं. ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघू कसा, यावर त्या पानभर बोलू शकल्या असत्या. पण ज्या दारावर पहारा होता तिथून कुणी आलंच नाही.

रात्री यवतमाळच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिलं: “चौथा शेर काढून टाकला तरी गझलेचं काही बिघडत नाही. हे निबंधातलं वाक्य आहे.”

चौथा शेर असा होता:

फळा रोज पुसते, पुन्हा रोज लिहिते
मुलांच्या भल्याची मनी आस धरते

मोजून पाहा, वृत्तात आहे. ‘धरते’ काफिया चोख आहे. आणि ज्येष्ठांचं म्हणणंही चोख होतं. दुसऱ्या ओळीत काही घडतच नाही, शिक्षकदिनाच्या भाषणात शोभेल असं ते सपाट विधान आहे. मराठीच्या शिक्षिकेला ‘निबंधातलं वाक्य’ म्हणणं म्हणजे काय, हे त्या सद्गृहस्थांना ठाऊक नव्हतं.

सकाळी साडेसातला ताईंचा फोन आला. रडत नव्हत्या, त्याहून वाईट म्हणजे शांत होत्या. “भाऊ, तुम्ही तर छान म्हणाला होतात.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं काय ते सांगितलं, की तिथे मीही अडखळलो होतो आणि बोललो नाही. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मला वाटलं, आता गट सोडणार. पुढे काय करायचं यावर आम्ही बोललो. मी गटात त्यांची बाजू मांडायची का? नको, म्हणजे पुन्हा कुणीतरी पाठीशी घातल्यासारखं होईल. त्यांनी शेराचं समर्थन करायचं का? समर्थन करण्यासारखं तिथे काही नव्हतं हे त्यांनाही पटलेलं. शेवटी ठरलं की उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. संध्याकाळी त्यांनी लिहिलं: “सर, इथे वाक्य संपून शेर कुठे सुरू व्हायला हवा होता?”

ज्येष्ठांनी उलट विचारलं, “ताई, ह्या जागी वहीत आधी काय होतं?”

असं विचारायला हवं हे आम्हा तिघा चालकांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं. ताईंनी वहीच्या पानाचा फोटो टाकला. खोडलेली ओळ स्पष्ट दिसत होती:

फळा रोज पुसते, पुन्हा रोज लिहिते
खडूची किती धूळ केसांत उरते

ओळ खोडली होती कारण ‘उरते’नं अलामत मोडते. ‘अ’च्या जागी ‘उ’ येतो. कुणी बोट ठेवू नये म्हणून त्यांनी ‘धरते’ आणलं, त्याला धरायला ‘आस’ आणली, आणि आस कशाची तर मुलांच्या भल्याची. एक दोष टाळण्यासाठी अख्खा शेर गेला होता. ज्या टीकेची त्यांना धास्ती होती, तीच टीका त्या धास्तीनं ओढवून आणली होती.

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकाचं आलं: “अलामत मोडते. पण शेर हाच.” लिहिणारा तोच तरुण होता, ज्याच्या शेराला मी वाक्य म्हटलं होतं. ‘केसांत भरते’ करा, अलामत सांभाळली जाईल, असं कुणी सुचवलं. ताईंनी ते घेतलं नाही. धूळ भरते ती झटकता येते, उरते ती पिकलेल्या केसांची, असं त्यांनी लिहिलं. गटात त्या पहिल्यांदाच कुणाचं तरी म्हणणं खोडत होत्या.

निष्पत्ती

मार्ग निघाला तो असा: शेर बदलायचा नाही, गझल बदलायची. ‘उ’ अलामत धरून नवा मतला. मतल्याचे दोन आणि पुढच्या चार शेरांचे चार, असे 5 शेरांना 6 काफिये लागतात, आणि ‘उरते’ला सोबती कमी. पुरते, मुरते, झुरते सहज मिळाले. ‘विखुरते’ लगागात नेमकं बसतं म्हणून ताई खूश झाल्या. सहावं ‘स्फुरते’. त्याच्या जोडाक्षरानं आधीच्या शब्दातलं शेवटचं लघू अक्षर जड होतं का, यावर एक अख्खा रविवार गेला. शब्द वेगळा असल्यानं होत नाही, असं बहुमत पडलं. सहा आठवड्यांनी ताईंनी नवी गझल टाकली, शुक्रवारी, नऊ वाजता, आणि ती हटवली नाही. कोजागिरीच्या बैठकीत त्यांनी ती वाचली तेव्हा खडूच्या शेराला ‘मुकर्रर’, म्हणजे ‘पुन्हा म्हणा’, आलं. दाद देणाऱ्यांत त्यांचा तो माजी विद्यार्थीही होता.

यानंतर भीती गेली असं मात्र नाही. पुढच्या एका गझलेवर एकानं कारण न देता खोचक लिहिलं, आणि ताई तीन महिने पुन्हा गप्प होत्या. आजही गझल टाकली की फोन तांदळाच्या डब्यामागे जातो. फरक एवढाच की सकाळी त्या तो बाहेर काढतात, आणि अभिप्राय वाचायच्या आधी स्वतःला कोणता शेर कच्चा वाटतो ते वहीत लिहून ठेवतात. बऱ्याचदा गटाचं बोट त्याच शेरावर पडतं. अशा वेळी ते लागत नाही म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

‘छान आहे, टाका’ हे तीन शब्द माझ्याकडून व्हायला नको होते. खाजगीतली खोटी दाद म्हणजे माणसाला आंधळं करून रस्त्यावर सोडणं. चौथा शेर मला खटकतो एवढं बसमधून लिहिलं असतं तरी ‘उरते’ची ओळ तेव्हाच बाहेर आली असती. किंवा ताईंनी गझल टाकलीच नसती, हेही शक्य आहे. हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

‘वाक्य आहे’ या माझ्या जुन्या शेऱ्याबद्दल मी गटात माफी मागितली, फार उशिरा. त्या तरुणाला ते आठवतही नव्हतं. नियमात आम्ही एक भर घातली: शेर पडला म्हणणाऱ्यानं लिहिणाऱ्याला निदान एक प्रश्न विचारायचा. काही जुन्या सदस्यांना हे लाड वाटतात. जिथे माधव ज्यूलियनांच्या गझलांना गझल म्हणायचं की नाही यावर भांडणं होतात, तिथे ताईंना वेगळं माप का, असं त्यांचं म्हणणं. ज्यूलियन उत्तर द्यायला येणार नाहीत, ताई येतात, एवढाच माझा मुद्दा होता. तो मान्य झाला नाही, नियम मात्र राहिला.

पायऱ्यांचा क्रमही मी आज बदलेन. दुसऱ्याच्या गझलेवर लिहिणं हे ताईंना शिक्षिकेच्या खुर्चीत बसवणं होतं, आणि त्या खुर्चीतूनच तर भीती येत होती. त्याऐवजी सुरुवातीलाच खोडलेल्या ओळीचा फोटो मागायला हवा होता. पक्की प्रत दाखवताना त्या थरथरत होत्या. कच्चं पान त्यांनी एका प्रश्नात दाखवलं.

सध्या

वहीच्या शेवटच्या पानावर माझं वाक्य अजून आहे, खोडलेलं नाही. त्याखाली ताईंनी यवतमाळच्या सरांचा प्रश्न लिहिला आहे. परवा मी त्यांना म्हटलं की खडूच्या शेरात ‘किती’ हा शब्द मला भरीचा वाटतो, मात्रा भरायला आणलेला. त्यांनी ते गटात नेलं, माझ्या नावासकट, आणि रविवारी रात्रीपर्यंत भांडल्या. एकमत झालं नाही. ‘किती’ अजून जागेवर आहे.